संस्थांचा योगक्षेम

सत्पात्री दान करावे, ही शिकवण आपल्या घरांतून मुलांना मुंजीच्या आधीपासूनच मिळत असते. अधिक मास आला की अनारशांचे वाण दिले जाते; वडिलांच्या श्राद्धतिथीस एखाद्या आश्रमाकडे अन्नदानाची रक्कम रवाना होते; घरातील वृद्ध माउली निवर्तली की तिच्या नावाने एखाद्या शाळेत कपाट किंवा पंखा लागतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु ‘सत्पात्र’ या शब्दातील ‘पात्र’ म्हणजे मुळात भांडे; आणि भांडेच चिरलेले असेल तर त्यात ओतलेले दूध किती वेळ टिकेल, हा प्रश्न देणारा सहसा विचारीत नाही. आम्हीही तो पुष्कळ वर्षे विचारला नव्हता. तो विचारण्याची पाळी आमच्यावर कशी आली आणि त्यातून आमच्या पदरी काय शहाणपण पडले, ते आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

‘योगक्षेम’ हा शब्द गीतेमुळे आपल्या कानांवरून नेहमीच जातो. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हामुळे तर तो घरोघरी पोहोचला आहे. भाष्यकारांनी त्याचे दोन अवयव वेगळे करून दाखविले आहेत. जे अद्याप मिळालेले नाही ते मिळणे म्हणजे योग, आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण होणे म्हणजे क्षेम. सार्वजनिक संस्थांना आज ज्या देणग्या मिळतात त्यांपैकी बहुतेक सर्व योगासाठी असतात. नवी खोली, नवी बाके, नवा संगणक, नवी रुग्णवाहिका! परंतु त्या खोलीचे भाडे, त्या संगणकाची वीज, रुग्णवाहिकेच्या चालकाचा पगार, हिशेब लिहिणाऱ्याचे मानधन आणि आजच्या कार्यवाहानंतर उद्या काम सांभाळील अशा तरुणाची तयारी, हे सर्व क्षेमाचे खर्च होत. त्यासाठी मुद्दाम जे अनुदान दिले जाते त्याला हल्ली ‘क्षमतावर्धनाचे अनुदान’ असे नाव आहे. नाव थोडे जड आहे. पण गोष्ट घरगुतीच आहे. पाहुण्याला जेवू घालणे हे पुण्यकर्म खरे; परंतु ज्या चुलीवर ते जेवण शिजते ती चूल नीट ठेवणे हेही त्याच पुण्याचे अंग आहे.

पुण्याहून लोणावळ्याच्या बाजूस जाताना खडकी मागे पडून मुळा नदी ओलांडली की दापोडी लागते. पवना नदी मुळेला मिळते ती याच परिसरात. आज येथे एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, सैन्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि २०२३ पासून डोक्यावरून मेट्रोही धावू लागली आहे. पिंपरीपासून चाकणपर्यंत जो कारखान्यांचा पट्टा पसरला आहे त्याचे हे जणू पुण्याकडील दारच. परंतु या गावाची एक जुनी ओळख फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १८२८ साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, येथे सरकारी वनस्पती-उद्यान सुरू झाले होते. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्याचे अधीक्षक असताना त्यांनी एका देशी चित्रकाराकडून बागेतील वनस्पतींची पावणेदोनशेच्या आसपास चित्रे काढवून घेतली. बाग केव्हाच लयाला गेली. तेथील झाडांपैकी आज काय उरले असेल ते देव जाणे. चित्रे मात्र एडिंबरो येथील राजकीय वनस्पती-उद्यानाच्या संग्रहात सुरक्षित आहेत, आणि त्यांवर २००२ साली एक स्वतंत्र ग्रंथही निघाला. झाडे लावण्यावर झालेला खर्च कालौघात गेला आणि नोंद ठेवण्यावर झालेला तेवढा टिकला! नोंद ठेवणाऱ्याचा पगार हा फुकटचा खर्च, असे म्हणणाऱ्यांनी दापोडीची ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आम्हीही पूर्वी असे म्हणणाऱ्यांतलेच होतो.

शाळेतून सेवानिवृत्त झाल्यावर आम्ही दापोडीतील एका लहानशा अभ्यासिकेच्या कार्यकारी मंडळात गेलो. भाड्याच्या दोन खोल्या, चार लांब मेजे, भिंतीशी पुस्तकांची दोन कपाटे, एवढाच तिचा पसारा. परंतु जेथे एका खोलीत सहा-सात माणसे राहतात, तेथील दहावीच्या मुलाला रात्री दहापर्यंत दिवा आणि शांतता मिळणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच कळेल. कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिचे कार्यवाह होते. पावत्या फाडणे, भाडे भरणे, दिवे लावणे, मुलांना दटावणे, सर्व काही तेच करीत. आम्ही आठवड्यातून तीन दिवस संस्कृत आणि मराठी शिकवीत असू, आणि तीन महिन्यांनी एकदा सभेच्या इतिवृत्तावर न वाचता सही करीत असू.

दोन प्रसंग येथे सांगणे प्राप्त आहे. एका कारखान्याकडून दहा संगणक देऊ केले गेले. विजेचे बिल आणि संगणक सांभाळणाऱ्या मुलाचे मानधन यांची काही तजवीज होईल काय, असे आमच्या कार्यवाहांनी भीत भीत विचारले. तेव्हा प्रशासकीय खर्चास पैसा देण्याची पद्धत नाही, असे उत्तर मिळाले. आम्ही संगणक आनंदाने घेतले आणि छायाचित्रही काढून घेतले. दोन वर्षांनी त्या संगणकांवर चादरी पांघरलेल्या होत्या. दुसरा प्रसंग आमच्या स्वतःच्या दोषाचा आहे. अभ्यासिकेतूनच शिकून वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली एक मुलगी सभेस आली आणि म्हणाली, “सर, थोडे मानधन दिलेत तर अर्धा दिवस येऊन मी सगळे हिशेब नीट लावून देईन.” त्या सभेत सर्वांत वयोवृद्ध आम्हीच होतो. “समाजसेवेला वेतन कसले?” असे आम्ही बोललो, आणि आमच्या वयाचा मान राखून इतरांनी माना डोलाविल्या. ती मुलगी काही न बोलता उठून गेली. पुढे चाकणला तिला नोकरी लागली.

त्यानंतर वर्षभराच्या आतच कार्यवाहांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. संस्थेचे सारे दप्तर त्यांच्या घरी एका लोखंडी पेटीत होते. ती उघडली तेव्हा आत पावतीपुस्तके, विजेची बिले, मुलांनी लिहिलेली आभारपत्रे आणि धर्मादाय कार्यालयाची जुनी पत्रे एकत्र निघाली. नोंदणीपुस्तकात जे तीन विश्वस्त होते त्यांपैकी दोघे कैलासवासी झालेले होते. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास कळवावे, असा कायदा आहे. येथे तो बदल कधी कळविलाच गेला नव्हता. बँकेत ज्यांच्या सह्या चालत त्यांपैकी एकही हात सही करण्यास उरला नव्हता. आयकर खात्याकडील नोंदणी २०२१ पासून कायमची न राहता मुदतीची झाली आहे. तिच्या नूतनीकरणाची तारीखही उलटून गेली होती. खात्यात पैसे असून काढता येईनात, भाडे थकले, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर अभ्यासिकेला चार महिने कुलूप लागले. काही मुले रेल्वे स्थानकाच्या फलाटावरील दिव्याखाली बसू लागली. एका मुलीला घरच्यांनी रात्री फलाटावर जाऊ दिले नाही. तिने त्या वर्षी परीक्षेचा अर्जच भरला नाही. पुढे तिचे काय झाले ते आम्हांस ठाऊक आहे, आणि ते येथे लिहिण्यासारखे नाही. अर्ध्या दिवसाच्या मानधनाची जी बचत आम्ही केली होती, तिची किंमत ती मुलगी आजही देत आहे.

आपले पूर्वज या बाबतीत आमच्याइतके भोळे नव्हते. ज्याने देऊळ बांधले त्याने केवळ कळस चढवून हात झटकले, असे क्वचितच झाले. दिवाबत्तीसाठी, नैवेद्यासाठी, पुजाऱ्यासाठी आणि गुरवासाठी जमीन इनाम लावून देण्याची चाल होती. आमच्या शेजारच्या चिंचवडच्या देवस्थानाला तर गावेच्या गावे इनाम होती. देऊळ हा योग आणि दिवाबत्तीचे इनाम हा क्षेम, हे त्या देणाऱ्यांना नेमके समजले होते. जुन्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या देवळाहून उणे नाही, ही धारणाही त्याच समजुतीतून आलेली आहे.

इंग्रजी अमदानीत पुण्यात ज्या संस्था उभ्या राहिल्या त्यांच्याही चालकांनी हे ओळखले होते. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिची खरी शक्ती इमारतींत नव्हती. ती आजीव सभासदांच्या पद्धतीत होती. वीस वर्षे अल्प वेतनावर संस्थेचेच काम करण्याची शपथ घेतलेली ती विद्वान मंडळी होती. वेतन अल्प होते, पण वेतन होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. टिळक, आगरकर आणि गोखले यांच्यासारख्यांचा संसार चालावा आणि त्यांचे मन शिकविण्यात राहावे, याची जबाबदारी संस्थेने घेतली होती. त्यागाला सुद्धा शिधा लागतो, हे त्या पिढीस ठाऊक होते.

महर्षी कर्वे यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले. संस्था वाढू लागली तेव्हा अण्णांच्या मनात प्रश्न आला तो असा की, आपल्यामागे हे काम कोण करील? १९०८ साली त्यांनी निष्काम कर्ममठ स्थापिला तो याचसाठी. संस्थांना आयुष्य वाहणारे कार्यकर्ते तयार करणारी ती संस्था होती. आजच्या भाषेत ज्याला ‘दुसरी फळी’ म्हणतात तिची तजवीज त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केली. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली. तिचे वार्षिक उत्पन्न बावन्न हजार पाचशे रुपये इतके धरलेले होते. म्हणजे एकदाच खर्चून संपणारी ही रक्कम नव्हती. विद्यापीठाचा रोजचा श्वास चालू ठेवणारी ती देणगी होती.

आमच्या आवडीच्या विषयातले एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. सत्तेचाळीस वर्षे! औंधच्या राजेसाहेबांनी आरंभी मोठे साहाय्य दिले, पुढे इतर संस्थाने, सरकार आणि देणगीदार यांची अनुदाने येत राहिली. त्या पैशांतून काय झाले? गावोगावच्या पोथ्या मिळविल्या गेल्या, त्या ताडून पाहणाऱ्या शास्त्र्यांचे पगार झाले, पाठभेदांचे तक्ते झाले. जानेवारी १९४३ मध्ये प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर अकस्मात निवर्तले. एखादी दुबळी संस्था असती तर काम तेथेच थांबते. परंतु तक्ते तयार होते, पद्धत ठरलेली होती, माणसे शिकलेली होती. डॉ. श्री. कृ. बेलवलकर आणि त्यांच्यानंतर डॉ. प. ल. वैद्य यांनी ते धुरीण पद स्वीकारून ग्रंथ तडीस नेला. भांडारकर संस्थेचे दप्तर कोणा एकाच्या पेटीत नव्हते, हा आमच्या दृष्टीने त्यातला सर्वांत मोठा धडा आहे.

मग आज अडते कोठे? पैसा नाही असे म्हणवत नाही. कंपनी कायदा, २०१३ याच्या कलम १३५ अन्वये, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता पाचशे कोटी, किंवा उलाढाल एक हजार कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी रुपये वा अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावयाची असते. १ एप्रिल २०१४ पासून हा नियम अमलात आहे, आणि आमच्या या कारखानदारी पट्ट्यात अशा कंपन्यांची वाण नाही. परंतु त्याच नियमांत प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे. तिची व्याख्या वाचली तर ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कार्यालयीन खर्चासंबंधाने आहे, असे दिसते. व्यवहारात मात्र हेच पाच टक्क्यांचे माप पुष्कळदा लहान संस्थेच्या उंबरठ्यावर आणून ठेवले जाते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसरीस तो पैसा देणेही बंद झाले. पूर्वी मोठ्या संस्था परदेशातून आलेल्या निधीचा अंश खेड्यापाड्यांतील लहान संस्थांना देत आणि त्याबरोबर हिशेब कसा ठेवावा हेही शिकवीत. तो ओघ आटला.

आता प्रत्यक्षात असा खर्च किती येतो? ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने भारतातील स्वयंसेवी संस्थांची पाहणी करून २०२१ साली अहवाल प्रसिद्ध केला. तपासलेल्या संस्थांचा अप्रत्यक्ष खर्च कोठे पाच टक्के, तर कोठे एकावन्न टक्क्यांपर्यंत, आणि मध्यक धरला तर एकोणीस टक्के आढळला. काम तसा खर्च. दवाखान्याचा वेगळा, अभ्यासिकेचा वेगळा. सर्वांना एकच माप लावणे म्हणजे घरातील सर्व मुलांना एकाच मापाची पादत्राणे आणण्यासारखे आहे. शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. अनुदानित शाळांचे वेतनेतर अनुदान २००४ साली थांबले आणि पुढे २०१३ साली ते अल्प प्रमाणात पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात खडू, झाडू, वीज आणि प्रयोगशाळेतील काचसामान यांचा खर्च शाळांनी कसा भागविला, हे मुख्याध्यापकांच्या मंडळींना विचारावे. गुरुजींचा पगार सरकार देते, पण गुरुजींच्या हातातला खडू कोणाचा, या प्रश्नाला उत्तर नसे.

वारे थोडे बदलू लागले आहेत, हेही सांगितले पाहिजे. एडेलगिव्ह फाउंडेशनने २०२१ साली ‘ग्रो फंड’ या नावाने अनेक देणगीदार एकत्र आणून, तळागाळात काम करणाऱ्या शंभर संस्थांना दोन वर्षे पाठबळ देण्याची शंभर कोटींची योजना आखली. तिचा भर नव्या इमारतींवर नव्हता. संस्थेची घडी नीट बसावी, माणसे शिकावीत आणि संकटात ती तगावी, यावर होता. शंभर संस्था म्हणजे या खंडप्राय देशात समुद्रात खसखस हे खरे. पण दिशा योग्य आहे.

आमच्या अभ्यासिकेला वाट दाखविली ती मात्र कोणा मोठ्या निधीने नव्हे, तर पुण्यातील एका कुटुंबाच्या लहानशा न्यासाने. त्या घरच्या एक वयस्क बाई स्वतः दापोडीस आल्या. काय हवे, असे त्यांनी विचारले. आम्ही सवयीने “बाके” असे उत्तर दिले. त्या म्हणाल्या, “बाके नंतर पाहू. हिशेब कोण लिहितो?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी तीन वर्षांचे अनुदान ठरविले. त्यातून अर्धवेळ हिशेबनीस नेमावयाचा. विश्वस्तांची नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी वकिलाची फी द्यावयाची. संस्थेचे नियम लिहून काढावयाचे. आणि अभ्यासिकेतील दोन तरुणांना हिशेब, पत्रव्यवहार आणि वर्गणी गोळा करण्याची पद्धत शिकवावयाची. पहिल्या वर्षी सर्व खर्च त्यांचा, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, तिसऱ्या वर्षी एक तृतीयांश. उरलेला भार आम्ही वर्गणीतून उचलावयाचा. चालावयास शिकणाऱ्या मुलाचे बोट जसे हळूहळू सोडावे, तसा हा प्रकार होता.

अपेक्षेप्रमाणे सर्व सुरळीत झाले असे नव्हे. विश्वस्तांच्या नोंदीची दुरुस्ती होण्यास दीड वर्ष लागले. तयार केलेल्या दोन तरुणांपैकी एक नोकरीनिमित्त नाशिकला गेला. चाकणला गेलेल्या त्या मुलीकडे आम्ही स्वतः गेलो आणि क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, “सर, तेव्हा आले असते, आता घर चालवायचे आहे.” तिच्या जागी दुसरी आली. परंतु आज बँकेत तिघांच्या सह्या आहेत, त्यांपैकी कोणत्याही दोन चालतात. दर महिन्याचा जमाखर्च फलकावर लागतो. तो वाचून चाळीतल्या मंडळींनी वर्गणी आपण होऊन वाढविली. आणि एका कारखान्याने पुन्हा संगणक देऊ केले तेव्हा आमच्या नव्या कार्यवाहांनी विजेचा आणि देखभालीचा आकडा अर्जातच लिहिला, आणि तो मान्य झाला. मागावयाचे कसे, हेही शिकावेच लागते.

या प्रकारच्या अनुदानावर आक्षेप नाहीत असे नाही, आणि त्यांत तथ्यही आहे. क्षमतावर्धनाच्या नावाखाली सल्लागारांची फी, हॉटेलातील शिबिरे आणि रंगीत अहवाल यांतच पैसा जिरतो, अशी तक्रार ऐकू येते. ज्याला गोड अर्ज लिहिता येतो त्यालाच अनुदान मिळते आणि मुके काम करणारा मागे पडतो, हेही घडते. म्हणून आमच्या मते कसोटी एकच ठेवावी: अनुदानाची मुदत संपल्यावर संस्थेला असे काय करता येते, जे पूर्वी येत नव्हते? उत्तर ‘अहवाल छापता येतो’ एवढेच असेल तर पैसा वाया गेला. ‘कार्यवाह आजारी पडले तरी दिवा लागतो’ असे असेल तर तो सार्थकी लागला. राहिला आमचा जुना आक्षेप, सेवेला वेतन कसले, हा. त्याला आमचे आजचे उत्तर असे की, आपल्या त्यागाची मर्यादा ज्याने त्याने ठरवावी. दुसऱ्याच्या त्यागावर, विशेषतः ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत आहे त्याच्या त्यागावर, संस्था चालविण्याचा हक्क कोणासही नाही. पेन्शन खाणाऱ्याने फुकट काम करणे सोपे आहे.

आता आपल्या कुटुंबांसाठी दोन शब्द. पुढल्या वेळी वडिलांच्या किंवा आईच्या स्मरणार्थ देणगी द्यावयाचा विचार घरात निघाला, तर कपाटावर नाव घालण्याआधी त्या संस्थेस चार गोष्टी प्रेमाने विचाराव्यात. हिशेब कोण लिहितो आणि गेल्या वर्षाचा तपासलेला जमाखर्च पाहावयास मिळेल काय? कार्यवाह महिनाभर अंथरुणास खिळले तर काम कोण पाहील? आजचे विश्वस्त आणि धर्मादाय कार्यालयात नोंदलेले विश्वस्त एकच आहेत ना? देणगी थांबली तर संस्था किती महिने तग धरील? उत्तरे अडखळत आली तर परत फिरू नये. दुखणे कोठे आहे ते कळले असे समजावे, आणि देणगी तेथेच द्यावी. एका वर्षी मोठी रक्कम देण्यापेक्षा तीन वर्षे थोडी थोडी देण्याचे वचन अधिक उपयोगी पडते. कारण माणूस नेमावयाचा तर उद्याची शाश्वती लागते. देणगीपत्रात ‘हिशेब, वेतन व कार्यकर्त्यांच्या शिक्षणासाठी’ असे स्पष्ट लिहावे. दोन हजारांवरील रक्कम रोख देऊ नये, कारण जुन्या कर-पद्धतीत मिळणारी आयकराची सवलत रोखीच्या अशा देणगीस मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलाने वा मुलीने पैसे पाठविण्यापूर्वी संस्थेस परदेशी देणगी घेण्याची नोंदणी अथवा परवानगी आहे किंवा नाही, हे अवश्य पाहावे. नाही तर उपकार करता करता संस्था अडचणीत यावयाची.

शिवाय पैशाहूनही मोलाची वस्तू आपल्या एकत्र कुटुंबांत असते. बँकेतून निवृत्त झालेले काका, हिशेब-तपासनीस भाचा, संगणकावर काम करणारी सून, कायद्याचे शिक्षण घेणारी नात, यांनी आठवड्याचे दोन तास एखाद्या लहान संस्थेस दिले तर तिची घडी बसावयास वेळ लागणार नाही. मात्र काम स्वतः करून मोकळे होऊ नये. तेथल्या माणसास शिकवून यावे. कोठीघराच्या किल्ल्या एकाच काकूंच्या कमरेला असल्या की त्या माहेरी गेल्यावर घराची जी त्रेधा उडते, ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे.

आमचे जुने कार्यवाह गेल्या श्रावणात गेले. वाचा गेल्यापासून ते केवळ डोळ्यांनी बोलत. शेवटी शेवटी त्यांना आम्ही एकदा चाकांच्या खुर्चीतून अभ्यासिकेत नेले होते. मेजांवर मुले मान खाली घालून वाचीत होती. कोपऱ्यात हिशेबाची मुलगी वही लिहीत होती. त्यांनी दिव्यांकडे पाहिले, मग त्या वहीकडे पाहिले आणि पुष्कळ वेळ तिच्याकडेच पाहत राहिले. इतकी वर्षे ते सर्व त्यांनी एकट्याने वाहिले, आणि त्या पेटीत काय आहे, हे त्यांना एकदाही विचारावे असे आम्हांस सुचले नाही. ती पेटी आता अभ्यासिकेतच असते. तिला कुलूप नाही. तिच्यात मुलांचे क्रिकेटचे सामान ठेवलेले असते.